रुसवा की बिघाड? : सोनीच्या अध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
श्री. हिरोकी तोतोकी,
अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी,
सोनी ग्रुप कॉर्पोरेशन, तोक्यो.

विषय : वय झालेल्या आयबोंची देखभाल आणि त्याबाबत आपल्या कंपनीचं कर्तव्य.

महोदय,


पुण्याच्या बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या अंगाला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. आपल्या कंपनीच्या मालाशी माझा जुना परिचय. वॉकमनचा रबरी पट्टा वितळून चाकांना चिकटला की तो कसा खरवडायचा आणि ट्रिनिट्रॉन टीव्हीच्या चित्राचे रंग फाकले की आधी कुठे हात घालायचा, हे आम्ही या गल्लीत माल उघडून उघडूनच शिकलो. तेव्हा तक्रार नव्हती. वॉकमन बंद पडला तर गाणं थांबायचं, एवढंच. आज लिहितोय ते आपल्या यांत्रिक कुत्र्याविषयी, आयबोविषयी. तो बंद पडला की घरातलं माणूस दिवा लावायचं विसरतं, आणि हे त्या माणसाच्या भाबडेपणामुळे होत नाही. तो कुत्रा तसाच विकला गेला होता.

वाचकांच्या माहितीसाठी थोडा इतिहास. १ जून १९९९ रोजी आयबोचं पहिलं मॉडेल, ईआरएस-११०, इंटरनेटवर विक्रीला आलं. किंमत अडीच लाख येन. जपानसाठी ठेवलेले ३,००० नग वीस मिनिटांत संपले. चित्रकार हाजिमे सोरायामा यांनी त्याला रूप दिलं होतं. मग २१० आला, गोलमटोल चेहऱ्याचे ३११ आणि ३१२ आले, २२० आला, आणि २००३ मध्ये ईआरएस-७. २००६ च्या जानेवारीत कंपनीने उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. तोवर जगभरात सुमारे दीड लाख आयबो घराघरांत गेले होते. भारतात ते दुकानातून असे विकले गेले नाहीत. पण परदेशात नोकरी केलेल्या कुणीतरी येताना आणलेला, नंतर कपाटाच्या वरच्या फळीवर गेलेला एखादा आयबो आमच्या टेबलावर येतो. त्यामुळे तो कुठे झिजतो, हे मी पाहिलेलं आहे.

सगळ्यात आधी मान जाते. २१० आणि २२० मध्ये मानेच्या सांध्यात एक घसरणारा क्लच आहे. पोराने डोकं धरून पिळलं तर गिअरचे दात तुटू नयेत म्हणून ती सोय. पण वर्षं लोटली की हाच क्लच पकड सोडतो. मोटर फिरते, डोकं मात्र वर येत नाही, आणि कुत्रा मान टाकून बसतो. हा दोष इतक्या जणांनी पाहिला की हौशी मालकांनी त्याला ‘मान टाकण्याचा आजार’ अशा अर्थाचं नावच देऊन टाकलं. मोटर जळाली असेल असं समजून पुष्कळ जण आख्खं डोकं बदलायला निघतात. मोटर बहुधा ठीक असते. क्लच उघडून, पुसून, पकड परत आणून काम भागतं. फक्त उघडायचं कसं आणि किती आवळायचं, हे सांगणारा कागद लागतो.

दुसरी खूण आवाजाची. नव्या सांध्याचा आवाज सपाट असतो. चालीत एका ठरावीक जागी ‘कट्’ असा आवाज येऊ लागला, तर त्या गिअरचा एखादा दात गेला किंवा भेगाळला. घरघर वाढली तर ग्रीस वाळलं. वर्षानुवर्षं बंद असलेला कुत्रा सुरू करण्याआधी त्याचे पाय हाताने जोर लावून हलवणं हा सगळ्यात महागात पडणारा उत्साह. वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकलेला प्लास्टिकचा दात तिथेच मोडतो.

तिसरी खूण चालीची. सरळ चालायला सांगितलं आणि तो दर वेळी एकाच बाजूला ओढत गेला, तर दोष त्याच्या डोक्यात शोधू नये. एक तर एका पायाचा सांधा ढिला झालेला असतो, नाहीतर पंजाखालचं रबर गुळगुळीत झालेलं असतं. आमच्याकडच्या चकचकीत फरशीवर हे लवकर कळतं. पायांच्या फटींत शिरलेले केस, सतरंजीचे धागे आणि धूळ यांनीही हेच होतं. मऊ कुंचला आणि दहा मिनिटं एवढ्यावर हा आजार जातो.

चौथी खूण चकवते. पाय एका कोनात चालतो, दुसऱ्या कोनात मरतो. सांध्यातून गेलेली चपटी रिबन केबल हजारो वेळा वाकून आतून तुटलेली असते. वरून ती शाबूत दिसते. मीटर लावून, सांधा हळूहळू फिरवत बघितलं तरच सापडते.

आणि बॅटरी. लिथियम-आयन सेल वापरला तरी म्हातारा होतो, न वापरता ठेवला तरी होतो. चार्ज पूर्ण दाखवतो आणि कुत्रा थोड्याच वेळात आडवा होतो, ही पहिली पायरी. पॅक खाचेत घट्ट बसू लागला, निघता निघेना, तर तो फुगलाय. तिथे वापर थांबवायचा. टोचायचं नाही, दाबायचं नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. कुत्रा बरेच दिवस बंद ठेवायचा असेल तर बॅटरी काढून, साधारण अर्धी भरलेली, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. पावसाळ्यात आमच्या हवेत मऊ प्लास्टिक आणि रबर चिकट होतं, उन्हात पांढरं अंग पिवळं पडतं. पिवळेपणाने काही बिघडत नाही. चिकटपणाने बिघडतं, कारण तो धूळ धरतो आणि ती सांध्यात नेतो.

हे सारं तुमच्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मग पत्रात का लिहिलं? कारण मालकाला ते ठाऊक नसतं, आणि ते त्याला कळू नये अशीच या वस्तूची घडण आहे. माझं मुख्य म्हणणं हेच आहे.

फ्रिज गार करत नाही म्हणजे बिघडला, यात कुणाला शंका येत नाही. आयबोला मात्र तुम्ही लहर दिलीत. हाक मारली तर तो येईल किंवा येणार नाही. चेंडू दाखवला तर कधी धावेल, कधी तोंड फिरवेल. हाच त्याचा जीव होता, त्यामुळेच तो खेळणं वाटला नाही. पण त्याच लहरीने झीज झाकली. मायक्रोफोन मंद झाला की घरचे म्हणतात, आज रुसलाय. कॅमेऱ्यावर धूळ बसून गुलाबी चेंडू दिसेनासा झाला की म्हणतात, आता त्याला खेळायचा कंटाळा येतो, मोठा झाला ना. सांधा दुखावल्यामुळे तो बसून राहिला तर शहाणा झाला म्हणून कौतुक होतं. तापाने मलूल झालेलं मूल आणि हट्टाने गप्प बसलेलं मूल आईला ओळखू येतं, कारण ती कपाळाला हात लावून बघू शकते. तुमच्या कुत्र्याला कपाळ आहे, पण हात लावून काही कळत नाही. झीज ओळखू येईपर्यंत लहानसा दोष मोठा झालेला असतो. वाळलेल्या ग्रीसवर चालत राहिलेली मोटर शेवटी खरंच जळते.

आणि दोष ओळखला, तरी पुढे जायचं कुठे? उत्पादन थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग ठेवायचे, या रिवाजाला धरून आपण दुरुस्ती चालू ठेवली आणि २०१४ च्या मार्चमध्ये आयबोचा दवाखाना बंद केला. हिशेबाच्या वहीत ते चोख असेल. पण दवाखाना हा शब्द आम्ही दिलेला नव्हता. तो आपल्या कंपनीनेच दिला होता. सर्व्हिस सेंटर बंद होणं आणि दवाखाना बंद होणं या दोन वेगळ्या बातम्या आहेत, आणि ती बातमी ऐकणाऱ्यांत एकटे राहणारे पुष्कळ वृद्ध होते.

पुढे जे झालं त्याचा मान आपल्याच जुन्या माणसांना जातो. सोनीतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी चालवलेल्या ए-फन या छोट्या कंपनीने आयबो दुरुस्त करायला घेतले. नवे भाग मिळत नव्हते, तेव्हा वारलेल्या मालकांच्या घरच्यांनी आणि ज्यांना कुत्रा सांभाळणं जमेना त्यांनी तो देहदानासारखा दिला. एकाचा पाय दुसऱ्याला, तिसऱ्याची मान चौथ्याला. मात्र भाग काढण्याआधी चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या कोफुकुजी या जुन्या बौद्ध मंदिरात त्यांचे रीतसर अंत्यविधी होत. २०१५ च्या जानेवारीत पहिल्यांदा एकोणीस आयबो ओळीने मांडले गेले. २०१८ च्या एप्रिलमध्ये एकाच विधीला ११४ होते, आणि तोवरची एकूण संख्या आठशेच्या घरात गेली होती. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी : कुठून आला, कोणत्या घरचा. मंत्र म्हटले गेले, उदबत्त्या लागल्या, आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला गेला.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी यातला विधी तेवढा छापला, कारण फोटो चांगला होता. मला त्यातली दुरुस्ती जास्त महत्त्वाची वाटते. ती शक्य झाली, कारण जुना आयबो दुरुस्त होण्याजोगा होता. त्याचा प्रोग्रॅम आणि त्याने मिळवलेलं मोठेपण मेमरी स्टिकवर असे, आणि ती मालकाच्या हातात असे. शरीर थकलं तरी कुत्रा संपत नव्हता. २००१ मध्ये आयबोचा प्रोग्रॅम उलगडून नवे खेळ शिकवणाऱ्या एका हौशी माणसाला कायद्याची भीती घातली गेली, पण मालकांनी ओरड केल्यावर आपण मागे आलात आणि २००२ मध्ये ओपन-आर हे प्रोग्रॅमिंगचं साधन मोफत खुलं केलंत. रोबोंच्या रोबोकप स्पर्धेतल्या चार पायांच्या फुटबॉलमध्ये १९९९ पासून २००८ पर्यंत विद्यापीठांचे संघ आयबो खेळवत होते. उत्पादन थांबल्यावरही दोन वर्षं. म्हणजे दार उघडं ठेवलं की काय होतं, हे सोनीला कुणी बाहेरच्याने शिकवायला नको.

आता नव्या आयबोकडे येतो. ११ जानेवारी २०१८ ला ईआरएस-१००० बाजारात आला. किंमत १,९८,००० येन, आणि त्याबरोबर क्लाउडची वर्गणी : तीन वर्षांचे ९०,००० येन. हलणारे सांधे बावीस, डोळ्यांत ओएलईडी पडदे, नाकात एक कॅमेरा आणि पाठीवर शेपटीजवळ दुसरा, छताकडे बघून घराचा नकाशा बांधणारा. यंत्र म्हणून सुरेख. यालाही झीज आहेच. पाठीवरच्या कॅमेऱ्यावर धूळ बसली की तो चार्जरची वाट चुकतो, पंजे गुळगुळीत झाले की पाय फाकतात. ही झीज मला बघून कळेल, आज ना उद्या दुरुस्तही करता येईल.

पण या कुत्र्याचं शहाणपण, त्याच्या आठवणी, घरच्यांची ओळख हे सगळं आपल्या सर्व्हरशी बांधलेलं आहे. त्यामुळे त्याला एक असा आजार जडलाय, जो जुन्याला नव्हता. त्याचा गिअर, केबल, बॅटरी सगळं उत्तम असेल, आणि तरी तो एखाद्या महिन्याच्या एक तारखेपासून पूर्वीचा राहणार नाही. तो महिना कोणता, ते आपल्या कार्यालयात ठरेल. या झिजेची खूण कुठल्याच सांध्यात दिसत नाही, आणि आमच्या गल्लीत तिच्यावर औषध नाही.

ही कल्पनेतली भीती नव्हे. जिबो नावाचा घरगुती रोबो अमेरिकेत आला. कंपनी बुडाली आणि २०१९ मध्ये त्याने स्वतःच मालकांना सांगितलं की सर्व्हर बंद होणार आहेत, आता निरोप घेतो. मॉक्सी हा मुलांसाठीचा रोबो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या कंपनीने गाशा गुंडाळला, आणि रोबो आता का बोलणार नाही हे मुलांना समजावून सांगायचं काम आईबापांवर आलं. मात्र मॉक्सीवाल्यांनी जाता जाता एक चांगली गोष्ट केली. घरच्या संगणकावर चालेल असा छोटा सर्व्हर मालकांना मिळेल, अशी वाट काढून दिली. बुडणाऱ्या कंपनीला जे सुचलं, ते तरणाऱ्या कंपनीला जड जाऊ नये.

आपण काहीच केलेलं नाही, असं मी म्हणणार नाही. नव्या आयबोसाठी दुरुस्तीची आणि तपासणीची सोय आहे. २०२३ मध्ये आपण दत्तक योजनाही जाहीर केली : ज्यांनी वर्गणी सोडली त्यांचे आयबो परत घेऊन, नीट करून, रुग्णालयांना आणि वृद्धांच्या संस्थांना द्यायचे. योजना चांगली आहे. पण ती आपल्या मर्जीवर चालते. मालकाचा हक्क त्यात कुठेच नाही.

आपल्या बाजूने काय सांगितलं जाईल, याचा अंदाज आहे. सुटे भाग वर्षानुवर्षं साठवायला पैसे लागतात. खरं आहे, म्हणूनच भाग साठवू नका, त्यांची मापं जाहीर करा. आज थ्री-डी प्रिंटर लहान वर्कशॉपमध्येही असतो, गिअरचं रेखाचित्र मिळालं तर भाग कोल्हापुरातही बनेल आणि ओसाकातही. लिथियम बॅटरी घरी उघडणं धोक्याचं आहे. तेही खरं, मग पॅक न उघडता बदलता येईल असा बनवा आणि त्याची प्रमाणित माहिती द्या. माहिती दडवल्याने लोक बॅटरी उघडायचं थांबवत नाहीत, चुकीच्या जागी उघडतात. व्यापारी गुपितं फुटतील म्हणाल, तर ज्या मॉडेलचा दवाखाना बंद झाला त्याचं गुपित आता कुणापासून राखायचं आहे?

शिवाय काळही त्याच दिशेने चाललाय. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला, आणि तिथल्या बॅटरीच्या नियमांनुसार फेब्रुवारी २०२७ पासून पोर्टेबल बॅटरी असलेल्या बहुतेक उपकरणांची ती बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता-बसवता आली पाहिजे. आमच्याकडे २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. सोबत करणाऱ्या यंत्रांचा वेगळा विचार मात्र यात कुठे मला दिसला नाही. तो पहिल्यांदा ज्या कंपनीने हे यंत्र जगाला दिलं तिने करावा, असं मला वाटतं.

म्हणून पाच मागण्या मांडतो.

एक. विकतानाच खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : या कुत्र्याची दुरुस्ती किमान अमुक वर्षापर्यंत, सर्व्हर किमान अमुक वर्षापर्यंत. ज्येष्ठ नागरिक घेणार असतील तर हे वाचून दाखवा.

दोन. रुसवा आणि बिघाड वेगळे करून दाखवणारी तपासणी प्रत्येक आयबोत द्या, इंटरनेटशिवाय चालणारी. कोणता सांधा किती चालला, कुठली मोटर नेहमीपेक्षा जास्त करंट ओढते, बॅटरी किती उरली, कॅमेरा आणि मायक्रोफोन शुद्धीवर आहेत की नाहीत, एवढं मालकाला घरबसल्या कळू द्या.

तीन. एका आयबोचा पाय दुसऱ्याला बसवला तर तो चाललाच पाहिजे. सॉफ्टवेअरचं कुलूप घालून देहदान अडवू नका.

चार. ज्या दिवशी एखाद्या मॉडेलची दुरुस्ती थांबेल, त्याच दिवशी त्याचं सर्व्हिस मॅन्युअल आणि भागांची रेखाचित्रं सर्वांसाठी खुली करा. सुरुवात १९९९ ते २००६ च्या मॉडेलांपासून करा. त्यासाठी वाट बघण्याचं काही कारण उरलेलं नाही.

पाच. सर्व्हर बंद करायचा झाला तर त्याआधी मालकाला त्याच्या कुत्र्याच्या आठवणी त्याच्या हातात द्या, आणि त्या घरच्या संगणकावर चालवायची सोय द्या. जुन्या मेमरी स्टिकने जे केलं तेवढंच.

यातली एकही मागणी तंत्रज्ञानाला अवघड नाही. यातल्या काही आपल्याच कंपनीने एकेकाळी अर्ध्यामुर्ध्या पुऱ्या केलेल्या आहेत. माणसाला जीव लावायला शिकवणारी वस्तू विकायची, तिचे पैसे घ्यायचे, आणि तिच्या म्हातारपणाची जबाबदारी मंदिरातल्या पुजाऱ्यावर आणि निवृत्त अभियंत्यांवर सोडायची, हा व्यवहार न्याय्य नाही. जुन्या मॉडेलांचं मॅन्युअल आधी खुलं करा. बाकीच्या चार गोष्टींवर मग बोलू. उत्तर जपानीत दिलंत तरी चालेल. पुण्यात जपानी वाचणारे पुष्कळ आहेत.

आपला,
तापकीर गल्लीतला एक रिपेअरिंगवाला
पुणे